साबणवस्तीचं मॉडेल कुठे गेलं

१

जेवणाची सुट्टी संपवून आम्ही सभागृहात परतलो, तेव्हा दोन मॉडेलांपैकी एकच जागेवर होतं.

मी महापालिकेच्या नियोजन समितीचा चिटणीस. बोलणारे बोलतात, मी लिहून घेतो. या सभागृहात मी आवाज चढलेले ऐकलेत, सभात्याग पाहिलेत, एकदा तर पाण्याचा जग भिरकावलेलाही पाहिलाय. पण चोरी कधी झाली नव्हती.

त्या दिवशी साबणवस्तीचा निकाल लागायचा होता. जुना साबण कारखाना बंद पडून जमाना झाला, पण त्याच्या मागच्या वस्तीला लोक अजून साबणवस्तीच म्हणतात. अरुंद गल्ल्या, बैठी घरं, कडेला एक प्रसूतिगृह. या सगळ्याचा पुनर्विकास कसा करायचा, यासाठी समितीपुढे दोन प्रस्ताव होते.

पहिला एका नावाजलेल्या आर्किटेक्ट बापलेकांचा. वडील पूर्वी शहराचे नियोजनप्रमुख होते. सगळे त्यांना थोरले म्हणत आणि मुलाला धाकटे. प्रस्ताव खरा धाकट्यांचाच. कारखान्याच्या जागी उंच इमारती आणि त्यांच्या पोटात खोल तळघर, गाड्यांसाठी. त्यांचं मॉडेल हातभर उंचीच्या लाकडी चौथऱ्यावर बसवलं होतं. चौथऱ्यात तारा खेळवलेल्या होत्या. बटण दाबलं की इमारतींच्या खिडक्या उजळत.

दुसरा प्रस्ताव वस्तीतल्याच एका तरुण आर्किटेक्ट बाईचा. लग्न होऊन ती वस्तीत आली, आणि सगळ्या गल्लीनं तिला आपलीच मानली, म्हणून तिचं नावच सूनबाई पडलं. गल्ल्या तशाच ठेवून घरं टप्प्याटप्प्यानं, कुणालाही हुसकावून न लावता बांधायची, असं तिचं म्हणणं. तिचं मॉडेल कॉर्कचं आणि प्लायवुडचं. एकही घर वीतभराहून उंच नव्हतं. झाडं तिच्या सासूबाईंनी केलेली, हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजचे तुकडे काड्यांवर टोचून. गोजिरवाणी दिसायची, पण हात लागला की भुगा सांडायचा.

दोन्ही मॉडेलं दोन टेबलांवर, टेबलाला टेबल लावून मांडली होती. आता सूनबाईंच्या टेबलावर नुसती पांढरी चादर उरली होती.

सूनबाई दारातच थांबल्या. ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. मागून सासूबाई आल्या, त्यांनी रिकामं टेबल पाहिलं आणि सुनेचा दंड धरला.

"कुणीतरी बाहेर काढून ठेवलं असेल, आई," सूनबाई म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास दिसत नव्हता.

सभागृहाला एकच दार. खिडक्यांना गज. दारावरचा पहारेकरी माजी सैनिक, जागचा न हलणारा. समितीच्या अध्यक्षांनी त्याला बोलावून विचारलं.

"बाई," तो म्हणाला, "सुट्टीभर मी दारातच होतो. माझ्यासमोरून मॉडेल तर सोडाच, साधी पिशवीसुद्धा बाहेर गेली नाही."

२

आमच्या अध्यक्ष छातीच्या डॉक्टर. नगरसेविका झाल्या, अध्यक्ष झाल्या, तरी सकाळचा दवाखाना त्यांनी सोडला नाही. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणतात. मी अनेक अध्यक्ष पाहिले. काहींना बोलायला आवडायचं, काहींना सही करायला. ऐकायला आवडणाऱ्या या पहिल्याच. समोरचा बोलत असताना मान किंचित कलती करून त्या अशा ऐकतात, की खोटं बोलणाऱ्याला आपोआप खोकला यावा.

गोंधळ माजला होता. सर्वांत वरचा सूर अर्थातच तबलजींचा. हे आमचे ज्येष्ठ सदस्य. हाताला येईल त्या वस्तूवर ठेका धरायची सवय, म्हणून हे नाव. सकाळीही धाकटे आपली योजना समजावून सांगत असताना यांची बोटं त्यांच्या मॉडेलच्या चौथऱ्यावर पडत होती, आणि सगळं सभागृह नगारा वाजल्यासारखं घुमत होतं. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "रियाज घरी करावा ही विनंती." सगळे हसले, तबलजीही हसले.

आता मात्र ते त्याच चौथऱ्यापाशी उभे राहून, त्यावर बोटं आपटत तावातावानं बोलत होते. "पोलिसांना बोलवा, मॅडम. प्रत्येकाची झडती घ्या."

"बोलवू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पोलीस आले की लोक बोलायचे थांबतात. चहापर्यंत मला वेळ द्या."

पहारेकऱ्यानं सांगितलं, की सुट्टीत चौघं आत गेले होते, वेगवेगळे आणि एकेकटे. तबलजी चष्मा विसरले होते. धाकट्यांना नकाशाची गुंडाळी हवी होती. सूनबाई आपल्या मॉडेलवरची धूळ झटकायला गेल्या होत्या. थोरल्यांना जरा शांत बसायचं होतं. कोण आधी, कोण नंतर, हे त्याला नीट सांगता येईना, कारण प्रत्येक जण आत-बाहेर करत होता.

"ते उचलायला दोन माणसं लागतात," सूनबाई म्हणाल्या. "सकाळी मी आणि आमच्या शेजाऱ्यांनी मिळून आणलं."

"आणि आत एका वेळी एकच माणूस होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बरं."

बाजूच्या छोट्या खोलीत त्यांनी एकेकाला बोलावलं. मी नेहमीप्रमाणे लिहायला बसलो. मला वाटलं, कोण कुठे होतं, कधी होतं, असं काही विचारतील. त्यांनी तबलजींना विचारलं, "आता पुढे काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

तबलजी गोंधळले. "काय व्हायचंय? एक प्रस्ताव गेला, दुसरा राहिला. राहिलेल्यावर मत घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. वाईट झालं, पण शहर थांबत नाही ना."

"तुम्हाला कुठला प्रस्ताव आवडला होता?"

"खरं सांगू? त्या पोरीचा." ते जरा लाजले. "तुम्हाला खोटं वाटेल. पण लहानपणी मी तशाच गल्लीत वाढलो."

धाकटे आले ते ताठ मानेनं. चाळिशीतला माणूस, नीटनेटका, डोळ्यांखाली जागरणाच्या खुणा.

"सगळे माझ्याकडेच बघतायत," ते म्हणाले. "पण मी हे केलेलं नाही. मला जिंकायचं होतं, ते तिच्यासमोर जिंकायचं होतं. असं नाही."

"मग पुढे काय होईल आता?"

"मत आजच होईल, नाही का? माझाच प्रस्ताव मंजूर होईल." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि लोक जन्मभर म्हणतील, की यानं चोरून मिळवलं. आधी म्हणायचे, बापाच्या नावावर मिळवलं."

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. ते गेल्यावर मी डॉक्टरबाईंना म्हणालो, "हे खरं बोलतायत असं वाटतं."

"दोघंही खरंच बोलले," त्या म्हणाल्या. "तिथेच तर अडलंय."

३

सूनबाईंबरोबर सासूबाईही आत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि बाहेर थांबा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"काय होणार पुढे?" सूनबाई म्हणाल्या. "मी स्पर्धेतून बाद. वस्ती रिकामी करायची नोटीस येईल. काही लोक तर म्हणतायत, काम अर्धवट होतं म्हणून हिनंच लपवलं."

"म्हणू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "जेवताना मी हिच्यासमोर बसले होते. पोरगी दोन घास खाऊन उठली, मॉडेल पुसून आली आणि परत माझ्यासमोर बसली. मॉडेल काय पदरात घालून आणणार?"

डॉक्टरबाई हसल्या. "पदराचा विचार मी केलाच नव्हता. मला सांगा, त्या बापलेकांपैकी कुणाला तुम्ही आधी पाहिलं होतं का? वस्तीत?"

"मुलाला पाहिलं. गाडीतून आला, कारखान्याच्या आवारात भोकं पाडून माती नेली, गेला. बापाला मात्र पुष्कळदा. काठी टेकत येतात. भला माणूस. माझ्या हातचं सरबत प्यायले."

"कशाला येत होते?"

"दारं पाहायला."

"दारं?"

"आमच्या घरांची दारं, बाई. एकेक दार उघडून मिटून पाहायचे. आमच्या ओळीतली दारं नेहमी अडकतात, मग आम्ही सुताराकडून रंधून घेतो. ते त्या रंधलेल्या कडांवर हात फिरवत बसायचे. प्रसूतिगृहाचं मागचं दारसुद्धा पाहिलं त्यांनी. मी म्हटलं, माणूस म्हातारा झाला की काही ना काही छंद लागतो."

डॉक्टरबाईंनी मान कलती केली.

शेवटी थोरले आले. उंच, वाकलेले, पांढरा शर्ट मनगटापर्यंत बंद. सकाळी पहिल्या रांगेत ते मोठी लोकरी शाल पांघरून बसले होते, एखाद्या डोंगरासारखे. आता खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी दोन्ही दंड चोळले.

"चिटणीस, तो एसी जरा कमी होईल का? हाडं गारठली."

मी एसी कमी केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, हे कुणी केलं असेल?"

"कुणाचं नाव घेऊ? माणसं काळजीपोटीही वेड्यासारखं वागतात."

"त्या मुलीनं वर्षभर खपून केलं होतं."

म्हाताऱ्यांची नजर खाली गेली. "काम सुरेख होतं. मी जवळून पाहिलं. पायऱ्यांची उंचीसुद्धा बरोबर होती. तिला म्हणावं काळजी करू नकोस, पुढच्या बैठकीपर्यंत सापडेल."

"सापडेल असं वाटतं?"

"अशी वस्तू कोण मोडेल?" ते म्हणाले आणि काठीवर जोर देऊन उठले.

ते गेल्यावर डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चिटणीस, एकाच जागेसाठी दोन प्रस्ताव असतील आणि मतदानाच्या वेळी एक टेबलावर नसेल, तर काय करायचं असतं?"

मी म्हणालो, "उरलेल्यावर मत घ्यायचं."

"नियम पाहून सांगा."

मी नियमांचं पुस्तक काढलं, पानं उलटली, आणि माझीच मला लाज वाटली. इतक्या वर्षांत असा प्रसंगच आला नव्हता. नियम स्वच्छ होता: दोन्ही प्रस्ताव समितीपुढे मांडलेले नसतील तर मत घेता येत नाही. विषय आपोआप पुढच्या बैठकीवर जातो.

"हा नियम कुणाच्या काळातला?" त्यांनी विचारलं.

मी तळटीप पाहिली आणि वर पाहिलं. डॉक्टरबाई उठून सभागृहाकडे निघाल्याही होत्या.

४

सभागृहात सगळे ताटकळत बसले होते. डॉक्टरबाई कुणाशी न बोलता रिकाम्या टेबलापाशी गेल्या आणि चादरीवर वाकल्या. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी नखानं काहीतरी टिपलं. मी जवळ गेलो. हिरवा भुगा. स्पंजच्या झाडांचा.

"दारापर्यंत आहे का बघा," त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या.

तो वाकून पाहत दारापर्यंत गेला. "नाही बाई. फरशी लख्ख आहे."

"या मॉडेलला हात लागला तरी भुगा सांडतो. कुणी उचलून दारातून नेलं असतं तर वाटभर हिरवळ उगवली असती. पण भुगा फक्त इथे आहे, चादरीच्या या कडेला." ती कड धाकट्यांच्या मॉडेलच्या बाजूची होती. "ते उचललेलंच नाही. सरकवलंय. टेबलाला टेबल लागलेलं, वर गुळगुळीत चादर. त्याला दोन माणसं लागत नाहीत. धड ताकदही लागत नाही."

"सरकवून नेलं कुठे?" तबलजी म्हणाले. "पलीकडे तर हे उभं आहे."

"तबलजी, तुम्ही सकाळी या चौथऱ्यावर ठेका धरला होता. मी तुम्हाला टोकलं."

"माफी मागितली होती मी."

"दुपारी तुम्ही इथेच उभे राहून त्याहून जोरात बोटं आपटलीत. मी टोकलं नाही. का टोकलं नाही, याचा मी मघापासून विचार करतेय."

असं म्हणून त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट चौथऱ्यावर आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टक टक केलं. दवाखान्यात रोग्याच्या पाठीवर करतात तसंच. एका कोपऱ्यातून आवाज घुमला. त्या सरकत मध्याकडे आल्या. आवाज बसका झाला, जणू आत कुणी घोंगडी कोंबली होती.

"पोकळ छाती घुमते," त्या म्हणाल्या. "आत काही साचलं की आवाज दबतो. सकाळी हा चौथरा पोकळ होता. आता भरलेला आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकते."

कुणी हसलं नाही. त्यांनी चौथऱ्याची रिकाम्या टेबलाकडची फळी चाचपली. तारा दुरुस्त करायला ठेवलेली ती झडप होती. फळी खाली पडली. आत एक मोठी लोकरी शाल दिसली, आणि शालीत तान्ह्या मुलासारखं गुंडाळलेलं साबणवस्तीचं मॉडेल.

सूनबाईंनी पुढे होऊन शाल बाजूला केली. एकही घर मोडलं नव्हतं. सासूबाईंनी आधी झाडं मोजली आणि मग डोळे पुसले.

सगळं सभागृह धाकट्यांकडे वळलं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"माझ्याच मॉडेलमध्ये," ते पुटपुटले.

"आता बोला," तबलजी म्हणाले.

५

"ते काय बोलणार?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांनी हे केलेलंच नाही."

त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. आवाज चढवला नाही, पण मागच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द पोचला.

"मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता. आता पुढे काय होईल? तबलजींना वाटलं, आजच मत होईल. धाकट्यांनाही तेच वाटलं. सूनबाईंना वाटलं, आपण बाद झालो. आमचे चिटणीससुद्धा तेच म्हणाले. सगळ्यांची समजूत एकच, की मॉडेल गेलं म्हणजे धाकटे जिंकले. म्हणून सगळे जिंकणाऱ्याकडे बोट दाखवत होते. पण नियम तसा नाही. एक प्रस्ताव टेबलावर नसेल तर मतच होत नाही. म्हणजे ज्यानं हे केलं, त्याला कुणाला हरवायचं नव्हतं. त्याला आजचं मत थांबवायचं होतं."

धाकटे हळूहळू खुर्चीवर बसले.

"मॉडेल संपवायचंच असतं तर ते फोडता आलं असतं. ते उबदार कपड्यात गुंडाळून ठेवलं गेलं. पहारेकरी दादा, तुमची चूक नाही. बाहेर काय गेलं, यावर तुमची नजर होती. आत गेलेलं काय बाहेर आलं नाही, हे कोण पाहतं?"

पहारेकऱ्यानं शालीकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे, आणि मान खाली घातली.

"आणि मी नियम जाहीर करण्याआधीच एक माणूस मला सहज म्हणून गेला, की पुढच्या बैठकीपर्यंत सापडेल. त्याला हा नियम पाठ होता. पाठ असणारच, कारण तो त्यानंच लिहिला होता." त्या थांबल्या. "मी नाव घेणार नाही. मला एवढंच समजत नाहीये, की ज्याच्या मुलाच्या इमारतीला आज मंजुरी मिळणार, तो बाप ती का अडवेल? आणि त्याचं उत्तर, मला वाटतं, वस्तीतल्या दारांमध्ये आहे. ते ज्यांनी पाहिलं त्यांनीच सांगावं."

थोरले उठले. शालीवाचून ते एकदम हडकुळे दिसत होते.

"मीच केलं," ते म्हणाले.

६

"बाबा," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते समितीकडे तोंड करून बोलत राहिले, आधी अडखळत, मग जुन्या सवयीनं स्पष्ट.

"मी वस्तीत फिरायला जायचो. एका ओळीतल्या घरांची दारं रंधलेली दिसली. पुन्हा पुन्हा रंधलेली. दार अडकतं म्हणजे चौकट वाकते, चौकट वाकते म्हणजे भिंत हलते, भिंत हलते म्हणजे खालची जमीन हलते. शेजारच्या ओळीत असं काही नाही. मी त्या दारांच्या मागोमाग गेलो. ती रेघ वस्तीतून निघून प्रसूतिगृहाखालून कारखान्याच्या कोपऱ्यात शिरते. माझी खात्री आहे, तिथे पूर्वी ओढा होता. कारखाना बांधताना बुजवला. वरून बुजवला, पण खालून पाणी अजून वाहतंय. वाळूतून."

"आणि तळघर त्या कोपऱ्यात आहे," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"बरोबर त्याच कोपऱ्यात. तिथे खोल खणलं की पाणी खड्ड्याकडे धावेल आणि वाळू घेऊन येईल. प्रसूतिगृहाखालची जमीन पोकळ होईल. कधी खचेल सांगता येणार नाही."

"मातीचा अहवाल स्वच्छ आहे," धाकटे म्हणाले. आवाज कोरडा होता. "मी तुम्हाला दाखवला होता."

"तू आवारात भोकं पाडलीस. त्या कोपऱ्यात कचऱ्याचा ढीग होता म्हणून तिथे पाडलं नाहीस. मी म्हणालो, तिथे एकदा बघ. तू म्हणालास, बाबा, मत झाल्यावर बघू. मी परत म्हणालो. तू म्हणालास, तुम्हाला माझं एकही काम पुरं झालेलं बघवत नाही." आता ते मुलाकडे वळले. "ते मला लागलं, कारण त्यात थोडं खरं असावं. तू काही केलंस की मी पेन्सिल घेऊन बसायचो. मग म्हटलं, या वेळी भर सभेत उठून याचं काम पाडायचं नाही. थोडा वेळ मिळाला, तर मी स्वतः खर्च करून तिथे भोक पाडीन, आणि माझं चुकलं असेल तर गप्प बसेन. सुट्टीत एकटा बसलो होतो. दोन्ही मॉडेलं समोर होती. झडप कुठे आहे ते मला ठाऊक होतं."

"आणि माझं काय?" सूनबाईंनी विचारलं.

थोरले तिच्याकडे वळले.

"तुम्ही मला सांगितलं असतंत," सूनबाई म्हणाल्या, "तर मीच माझं मॉडेल उचलून घरी गेले असते. माझ्या मुलीचा जन्म त्याच प्रसूतिगृहात झालाय. पण तुम्ही विचारलं नाहीत. लोक मला चोर म्हणत होते आणि तुम्ही तिथेच बसून होतात."

थोरल्यांनी काठी खुर्चीला टेकवली आणि तिच्यासमोर हात जोडले. "चुकलं माझं. मुलाची अब्रू वाचवताना तुझी पणाला लावली. हा विचार मला शिवायला हवा होता, शिवला नाही."

सूनबाईंनी शाल झटकली, हिरवा भुगा उडाला, आणि ती थोरल्यांच्या खांद्यावर टाकली. "गारठाल," एवढंच म्हणाल्या.

तबलजींनी घसा खाकरला. "मॅडम, नियमानं हा गुन्हा होतो."

"होतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चिटणीस, इतिवृत्तात लिहा. माजी नियोजनप्रमुखांनी समितीच्या कामात फसवणुकीनं अडथळा आणला, याबद्दल समिती तीव्र नापसंती व्यक्त करते. नाव घालून लिहा, आणि त्यांची इथे सही घ्या." मी लिहिलं. "त्याखाली लिहा, की सूनबाईंचा यात काडीचाही दोष नाही. आणि त्याखाली लिहा, की भूगर्भातल्या पाण्याबद्दल माजी नियोजनप्रमुखांनी दिलेल्या माहितीसाठी समिती त्यांची ऋणी आहे."

"दोन्ही एकाच पानावर?" मी विचारलं.

"एकाच माणसानं केलंय ना?"

मग त्या म्हणाल्या, "आता दोन्ही मॉडेलं टेबलावर आहेत. नियमाप्रमाणे मत आज होऊ शकतं. धाकटे, प्रस्ताव तुमचा आहे. मी मत घेऊ?"

मला आजही वाटतं, की त्या दिवशीचा सर्वांत अवघड क्षण तो होता. डॉक्टरबाईंना स्वतःच्या अधिकारात विषय पुढे ढकलता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी त्या माणसाला स्वतः ठरवायची संधी दिली.

समिती धाकट्यांच्या बाजूनं होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हात वर करायचाच अवकाश होता. धाकटे उठले, आपल्या मॉडेलपाशी गेले. उजळलेल्या खिडक्यांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि बटण बंद केलं.

"मत नको," ते म्हणाले. "आधी तो कोपरा खणून बघतो. मी स्वतः."

७

पुढच्या आठवड्यात कचऱ्याचा ढीग उचलला गेला आणि त्या कोपऱ्यात यंत्र लागलं. डॉक्टरबाई दवाखाना आटोपून आल्या, मला गाडीत बसवून घेऊन गेल्या. वस्तीतली बरीच माणसं कुंपणाशी उभी होती. सूनबाई आत, नकाशा घेऊन. थोरले एका स्टुलावर. धाकटे यंत्राशेजारी, बाह्या वर सारून.

सुरुवातीला भराव निघाला, विटांचे तुकडे, राख. मग काळी माती. धाकट्यांच्या चेहऱ्यावर आशा होती की भीती, मला सांगता येणार नाही. थोरले मुलाकडे बघतच नव्हते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्याला आता आपण चुकलो असतो तर बरं, असं वाटतंय."

मग यंत्राचा आवाज बदलला. नळी वर आली, तिच्यातून करडी वाळू घळघळली, आणि वाळूमागून पाणी. स्वच्छ, थंड, वाहतं पाणी. कुंपणाशी कुजबुज झाली आणि थांबली.

धाकटे वाकले. त्यांनी ओली वाळू मुठीत घेतली, बोटांतून गाळून पाहिली. तीन वर्षांचं काम त्या मुठीत होतं. अशा वेळी मी इतरांनाही पाहिलंय. माणसं यंत्राला दोष देतात, नशिबाला देतात. ते चालत वडिलांपाशी आले आणि मूठ त्यांच्यापुढे उघडली.

थोरल्यांनी वाळूला हात लावला नाही. "माझं चुकावं असं फार वाटत होतं रे," ते म्हणाले.

"माहितीये," धाकटे म्हणाले.

त्यांनी हात पँटला पुसला आणि सूनबाईंना हाक मारली. त्यांच्या हातातला नकाशा दोघांनी गाडीच्या बॉनेटवर पसरला. धाकट्यांनी खिशातून पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं, आणि ती वडिलांच्या हातात दिली.

"बाबा, ओढा कुठून कुठे जातो ते आखून द्या," ते म्हणाले. "मग आम्ही दोघं बघतो, त्याच्या कडेनं काय बांधता येईल ते."

म्हातारे स्टुलावरून उठले. काठी तिथेच राहिली.